पोटात दुखतंय? नाटकं पुरे!

अमेरिकेत एक धंदा आहे. पोरगं गांजा ओढायला लागलं, शाळा बुडवायला लागलं, खोलीचं दार उघडेना, की आईबाप एका कंपनीला फोन लावतात. मग पहाटे दोन धटिंगण घरात शिरतात, पोराला अंथरुणातून उठवतात आणि गाडीत घालून युटाच्या वाळवंटात नेऊन सोडतात. पुढे दोन-अडीच महिने पाठीवर बोचकं, उघड्यावर झोप आणि काठीवर काठी घासून विस्तव. याचं नाव वाइल्डरनेस थेरपी. दर दिवसाला पाचशे डॉलरच्या आसपास. रामाला चौदा वर्षांचा वनवास फुकटात पडला होता!

थेरपी आहे म्हटल्यावर थेरपिस्टही येतो. आठवड्यातून एकदा. बाकी रात्रंदिवस पोरांच्या सोबत असतो तो फील्ड स्टाफ: विशी-पंचविशीतली, डोंगर चढायची हौस असलेली, बेताच्या पगारावरची मुलं. हाड मोडलं, ऊन लागलं, तर काय करायचं यासाठी त्यांच्यातल्या निदान काहींकडे सत्तर-ऐंशी तासांचा प्रथमोपचाराचा कोर्स असतो. मनाचं मात्र कामावर असताना जमेल तसं शिकायचं. त्यातला पहिला धडा बहुतेकांना तोंडपाठ: पोरं बनाव करतात, भुलू नका.

१९९४ चा मार्च, युटा. सोळा वर्षांचा मुलगा सांगतोय, पोटात दुखतंय. अंगावर मांस उरलेलं नाही, चालता चालता पडतोय. सोबतच्यांचं निदान: ढोंग. ३१ मार्चला तो गेला. शवविच्छेदनात निघालं, अल्सर फुटून पोटभर संसर्ग झाला होता. फेब्रुवारी २०२४, नॉर्थ कॅरोलिना. बारा वर्षांचा मुलगा, जंगलातली पहिलीच रात्र, भीतीचा झटका आलेला. झोपवलं होतं एका चिंचोळ्या पिशवीवजा तंबूत. बाहेर पडू लागला तर कळावं म्हणून चेनला अलार्म. सकाळी तो गुदमरून मेलेला सापडला. अलार्म पळणाऱ्यासाठी होता, घाबरलेल्यासाठी नव्हता.

तर म्हणे आता स्टाफला मानसिक प्रथमोपचार शिकवा. जरूर शिकवा. बेटी किचनर आणि टोनी जॉर्म या जोडप्याने ऑस्ट्रेलियात २००० साली तो कोर्स सुरू केला. समोरचा घाबरलाय हे ओळखावं कसं, नावं न ठेवता ऐकावं कसं, हे त्यात शिकवतात. पण बावीस वर्षांच्या गाइडने ऐकलं, पटलंही, की पोराला खरंच दुखतंय. पुढे? पायपीट थांबवायची, सॅटेलाइट फोनवरून डॉक्टर गाठायचा, पोराला खाली न्यायचं. ते ठरवणार ऑफिसात बसलेला साहेब, आणि साहेबाच्या डोक्यात पुन्हा तोच पहिला धडा. हा कोर्स आधी साहेबाला लावा. जमलं तर फोन लावणाऱ्या आईबापांनाही.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत या धंद्याबाबत एक कायदा झाला. टीव्हीवर गाजलेली पॅरिस हिल्टन त्यासाठी बरीच झटली. तीही पोरवयात युटातल्याच एका निवासी शाळेत होरपळून निघालेली. कायद्यात मुख्य काय आहे? अशा संस्थांचा राष्ट्रीय पातळीवर अभ्यास करायचा. अमेरिकी संसदेच्या तपासनिसांनी २००७ सालीच अशा दहा मृत्यूंची प्रकरणं उकरली होती आणि ‘अप्रशिक्षित कर्मचारी’ हेही एक कारण अहवालात छापून दिलं होतं. पेपर फुटल्यावर सतरा वर्षांनी मंडळी कुठे अभ्यासाला बसली.