अगंबाई, बिटकॉइनला करमाफी!

ऐकलंत का? मुंबईचं सरकार म्हणे बिटकॉइनवाल्यांना कर माफ करणार! कुणी सांगितलं ते विचारू नका. नगरच्या सावेडीतल्या टपरीवर ऐकणारा माळीवाड्याकडे बोट दाखवतो, माळीवाड्यातला श्रीरामपूरच्या मेव्हण्याकडे, आणि मेव्हण्याला ते मोबाइलवर आलेलं असतं. ‘राज्य सरकारने क्रिप्टो करमुक्त केलं’ एवढं वाचलं आणि दिलं पुढे ढकलून. कुठल्या राज्याने, हे वाचायला वेळ कुणाला?

तर ते राज्य मिसुरी. अमेरिकेतलं. 2025 च्या जुलैत तिथल्या गव्हर्नरने कायद्यावर सही केली आणि भांडवली नफ्यावरचा राज्याचा प्राप्तिकर सामान्य माणसापुरता उठला. शेअर, जमीन, बिटकॉइन, सगळ्यांवरचाच. केंद्राचा कर तिथल्या लोकांच्या मानगुटीवर आहे तसाच आहे, पण एवढं बारीक कोण वाचतो? टेक्सास आणि फ्लोरिडात तर राज्याचा प्राप्तिकर मुळातच नाही. ओहायोने 2018 मध्ये बिटकॉइनमधून कर भरायची सोय काढली आणि वर्षभरात गुंडाळली. तमाशा तिकडचा आणि टाळ्या नगरात! (जिल्ह्याचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालंय, ठाऊक आहे, पण कुजबुज करताना जिभेवर नगरच येतं.)

आणि पोरांचं तर बघवत नाही हो. कालपर्यंत बापाच्या खात्यावर उसाचं बिल पडलं का एवढंच विचारणारी पोरं, आता रात्री दोनला उठून भाव बघतात. डिसेंबर 2024 मध्ये बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेलं तेव्हा ज्यांच्याकडे दोन हजार रुपयांचं होतं, त्यांच्याही मानेला ताठा आला. उद्या स्थळाच्या माहितीपत्रकात ‘पाच एकर बागायत, दोन बोअर, थोडं इथेरियम’ असं छापून आलं तर दचकू नका. ज्या जिल्ह्यात शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची रीत आहे आणि 2011 मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, त्याच जिल्ह्यात आता क्रिप्टोची बारा किंवा चोवीस शब्दांची गुप्त किल्ली वहीत लिहून वही कपाटात दडवतात. बायकोला सांगायची नाही म्हणे. आणि उद्या काही बरंवाईट झालं तर? विचारलं की उत्तर नाही.

पण खरं सांगायचं तर करमाफी मागण्यात नगरकरांना लाज वाटायचं कारण नाही. ती इथली जुनी कला आहे. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना आठवा: विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, 1950 चा पहिला गळीत हंगाम. पुढे सहकारी कारखान्यांनी उसाला किमान दरापेक्षा जादा भाव सभासदांना दिला की प्राप्तिकर खातं म्हणायचं, हा खर्च नव्हे, ही नफ्याची वाटणी, काढा कर! वर्षानुवर्षं नोटिसा, अपिलं, वकिलांच्या फिया. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा प्रवरानगरला सहकार परिषदेला आले, आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 2016-17 च्या आधीची ती जुनी प्रकरणं निकालात काढायची वाट झाली. अर्थमंत्र्यांनी भाषणात आकडा सांगितला तो जवळजवळ 10,000 कोटींच्या दिलाशाचा. परिषद आणि दिलासा यांची सांगड मी घालत नाही. ती लोकांनी आधीच घातली आहे.

त्याहून गोड गोष्ट शिर्डीची. नाव न सांगता आलेल्या देणगीवर 30 टक्के कर लावणारं एक कलम जुन्या प्राप्तिकर कायद्यात होतं, 115 बीबीसी. साईबाबांच्या हुंडीतल्या गुप्तदानाला ते लावावं, असा खात्याचा हट्ट होता. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, संस्थान धर्मादायही आहे आणि धार्मिकही, तेव्हा या दानावर कर नाही. आता गंमत बघा, त्याच कायद्यात क्रिप्टोवर 30 टक्के लावणारं कलम होतं 115 बीबीएच. एकाच घरातली भावंडं! थोरल्यातून बाबा सुटले, तर धाकट्यातून आपणही सुटू, असं एखाद्या भक्ताला वाटलं तर त्याचा काय दोष?

दोष एवढाच, की मागणी चुकीच्या दारात आहे. ऊस घातला एका कारखान्याला आणि पहिली उचल मागितली दुसऱ्याकडे, असा हा प्रकार. शेती सोडून बाकीच्या उत्पन्नावरचा कर घटनेच्या केंद्रसूचीत आहे, 82 वी नोंद. राज्याच्या यादीत आहे तो शेतीच्या उत्पन्नावरचा, 46 वी नोंद. आणि शेततळ्याशेजारी कॉम्प्युटर मांडला म्हणून बिटकॉइन शेतमाल होत नाही. मुद्रांक शुल्क, वीज शुल्क, जीएसटीचा आपला वाटा, असल्या करांवर राज्याचा हात. त्या सवलती मोठ्या उद्योगांना मिळतात. मोबाइलमधल्या नाण्याला त्यांचा काय उपयोग? सिनेमा करमुक्त करा म्हणावं, तर 2025 मध्ये ‘छावा’च्या वेळी तीच ओरड झाली आणि मुख्यमंत्री फडणवीसांना सांगावं लागलं की महाराष्ट्राने करमणूक कर 2017 मध्येच काढून टाकलाय. जो करच राज्याकडे नाही तो माफ कसा करणार? तिथे नव्हता म्हणून, इथे दिल्लीचा आहे म्हणून.

देशात प्रांत बघून प्राप्तिकर माफ होतो तो मुख्यतः ईशान्येकडच्या अनुसूचित जमातींना आणि कायद्याने सिक्कीमी ठरलेल्यांना, बहुतेक त्यांच्या तिथल्या कमाईपुरता. तीही माफी दिल्लीच्याच कायद्यातली. एका बहाद्दराने लगेच सुचवलं, सून सिक्कीमची करू! बाहेरच्याशी लग्न केलं म्हणून सिक्कीमच्या मुलीची सवलत काढता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं खरं. पण ती सवलत तिची. नवरोबांनी आपला कर आपण भरायचा.

आता या सगळ्यातली खरी अब्रू काढणारी गोष्ट सांगते, कान इकडे करा. 1 एप्रिल 2022 पासून नियम असा: एका नाण्यात तुम्हाला दोन लाख नफा झाला आणि त्याच वर्षी दुसऱ्या नाण्यात दोन लाख बुडाले. हाती आलं शून्य. तरी कर? दोन लाखांचे 30 टक्के म्हणजे 60,000, त्यावर 4 टक्के उपकर 2,400. भरा 62,400! तोटा वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही, खरेदीची किंमत सोडली तर एक पैसा खर्च दाखवता येत नाही. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणून पेढे वाटले ना? ती सूट या नफ्याला लागू नाही. वर जुलै 2022 पासून ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस, फायदा असो की तोटा. 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही दर तोच. म्हणजे ज्यांना सरकारने जावई केलं अशी बोंब उठली, त्यांच्या ताटात लॉटरीवाल्याच्याच पंगतीची वाढणी!

आणि एवढ्याने भागतंय कुठे? ‘मी गुंतवतो, तुम्ही महिन्याला दहा-बारा टक्के घ्या’ म्हणणारे आहेतच. 2024 मध्ये शेवगाव तालुक्यात शेअर बाजाराच्या नावाने हाच खेळ झाला. कार्यालयांना कुलपं लागली आणि लोक पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढले. त्याआधी ‘गेन बिटकॉइन’ नावाच्या योजनेने महिन्याला दहा टक्के सांगून पुण्यापर्यंत हात मारला होता. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो बाजारावर चोरी झाली, 23 कोटी डॉलरच्या घरातली, आणि लाखो लोकांचे पैसे महिनोन्महिने अडकले. तेव्हा कराची चर्चा कुणी केली नाही. मुद्दलच दिसेना तर कर कसला!

माझं मत विचाराल तर 30 टक्के दरावर मी रडणार नाही. हौसेला मोल असतं. पण एका खिशातला तोटा दुसऱ्या खिशातल्या नफ्यातून वजा करू न देणं हा अन्याय आहे, आणि मोर्चा काढायचाच तर त्यावर काढा. मात्र मंत्रालयावर नको, गाडी दिल्लीची धरा.

तोवर एक करा. प्राप्तिकर विवरणपत्रात 2023-24 च्या आकारणी वर्षापासून क्रिप्टोसाठी वेगळं परिशिष्ट आहे, ते भरा. लपवून उपयोग नाही. टीडीएस कापला गेला तेव्हाच खात्याला तुमचं नाव कळलंय. आणि वर्षभर नुसताच तोटा झाला असेल तर कापलेला एक टक्का परत मिळू शकतो. पण विवरणपत्र भरणाऱ्यालाच.