पॅच आल्यावर बघू

भाऊंनी आजवर कुठलीही वस्तू ती बाजारात आली त्या वर्षी घेतलेली नाही. मोबाइल घेतला तेव्हा दुकानदाराला खोक्यावरची धूळ पुसून द्यावी लागली. मोटारसायकल घेतली ती त्र्यंबकच्या एका मास्तरांनी पाच पावसाळे तोरंगणच्या घाटात चालवून तिची सगळी दुखणी बाहेर काढल्यावर. लग्नाच्या बाबतीत मात्र त्यांना थांबता आलं नाही. तो निर्णय आजीने परस्पर घेऊन टाकला होता. वहिनी अधूनमधून याची आठवण करून देतात आणि भाऊ दर वेळी घाईघाईने सांगतात की तेवढी एकच गोष्ट पहिल्याच व्हर्जनला नीट निघाली.

मोखाड्याच्या एसटी स्टँडजवळ भाऊंचं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा फुटून पालघर जिल्हा झाला. तालुक्यात पेढे वाटले गेले, भाऊंनीही दोन खाल्ले. पण बोर्डावरचं ‘जि. ठाणे’ त्यांनी पुढची दोन वर्षं खोडलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, “जरा स्थिर होऊ दे. साइटवर अजून ठाणेच येतंय.” आणि त्या काळात काही फॉर्मांमध्ये खरंच ठाणे येत होतं, त्यामुळे कुणाला वाद घालता आला नाही. भाऊंचं हेच अवघड आहे. त्यांचा भित्रेपणा दर वेळी कागदोपत्री बरोबर निघतो.

हा माणूस गेम खेळतो हे नव्या गिऱ्हाइकाला पटत नाही. पण नाशकात कॉलेजला असताना सायबर कॅफेत बसून त्यांनी ‘हीरोज ऑफ माईट अँड मॅजिक’चा तिसरा भाग खेळला होता. तो १९९९ चा. घोड्यावर बसलेला आपला नायक नकाशावर फिरवायचा, खाणी ताब्यात घ्यायच्या, गढी वाढवत न्यायची, दर आठवड्याला नवं सैन्य भरती करायचं आणि मग भुतं, ड्रॅगन, अस्थिपंजर यांच्याशी पाळीपाळीने लढायचं. आपली पाळी संपेपर्यंत शत्रू हलत नाही आणि आपण विचार करत बसलो तर कुणी हाकलत नाही. भाऊंच्या स्वभावाला याहून मानवणारा खेळ जगात नसावा.

गाडी अडली ती सातव्या भागावर. हा भाग सप्टेंबर २०१५ मध्ये निघाला. बनवला जर्मनीतल्या लिंबिक एंटरटेनमेंटने, विकायला आणला युबिसॉफ्टने. निघाला तो रडतखडत. मधेच बंद पडायचा, मोहिमा अडकायच्या, आणि संगणकाची पाळी आली की ती संपेपर्यंत माणसाने चहा करून प्यावा. मग चुका दुरुस्त करणारे पॅच येऊ लागले. २०१६ मध्ये बुटक्यांच्या नव्या सैन्यासकट ‘ट्रायल बाय फायर’ नावाची पुरवणीही आली. तेव्हापासून भाऊंचा एकच प्रश्न तालुक्यात फिरतो आहे : आता घ्यावा का?

या प्रश्नासाठी एक वही आहे. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची, शाळेत हजेरीसाठी वापरतात तसली. लाल शाईने आखलेले चार रकाने : दोष, कुठल्या पॅचात गेला, परत आला का, आणि ‘शेरा’. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘थांबा’ असं आहे. पॅचसोबत येणारी दुरुस्त्यांची यादी भाऊ सातबाऱ्यासारखी वाचतात. वरचं नाव बघून त्यांचं समाधान होत नाही, बोट सरळ ‘इतर हक्कां’वर जातं. “सेव्ह फाइलची अडचण सोडवली असं लिहिलंय. ‘काही ठिकाणी’ म्हणतायत. कुठल्या काही ठिकाणी?”

खेळणाऱ्यांचे अभिप्रायही ते तपासतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी. दोन तास खेळून ‘झकास’ म्हणणाऱ्याला ते मोजतच नाहीत. नऊशे तास खेळून ‘अजिबात घेऊ नका’ असं कळवळून सांगणारा माणूस त्यांना विश्वासाचा वाटतो. “नऊशे तास शिव्या देत बसलाय म्हणजे आत काहीतरी आहे,” असं ते म्हणतात. एवढं म्हणूनही घेत नाहीत ते नाहीतच.

इतिहास त्यांना तोंडपाठ आहे आणि तो उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसालाही ऐकावा लागतो. १९९४ चं ‘मास्टर ऑफ मॅजिक’. पहिल्यांदा आलं तेव्हा चुकांनी भरलेलं, पॅच येत येत १.३१ पर्यंत पोचलं आणि असं रुजलं की २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्ती काढावी लागली. हीरोजचाच चौथा भाग, २००२ चा. त्यात सुरुवातीला दोघांनी मिळून खेळायची सोयच नव्हती, ती मागाहून पॅचमधून दिली, आणि पुढच्याच वर्षी तो काढणारी थ्रीडीओ ही कंपनी दिवाळखोरीत निघाली. “पॅच आला, कंपनी गेली,” भाऊ सांगतात, आणि दाखलेवाला मान डोलावतो, कारण त्याचा कागद अजून प्रिंटरमध्ये असतो.

फक्त एक उदाहरण ते स्वतःहून काढत नाहीत. ते काढतो त्यांचा पुतण्या, मुद्दाम, दुकानात चार माणसं असताना. २०१० साली स्टारडॉकने ‘एलिमेंटल : वॉर ऑफ मॅजिक’ काढला. तो इतका कच्चा होता की कंपनीचा प्रमुख ब्रॅड वॉर्डेल याने जाहीरपणे चूक मान्य केली आणि सुरुवातीच्या गिऱ्हाइकांना २०१२ चा पुढचा गेम ‘फॉलन एन्चँट्रेस’ फुकट दिला. म्हणजे घाई करणाऱ्यांना एकाच्या किमतीत दोन मिळाले आणि शहाण्यासारखे थांबले त्यांना दोन्हींचे पैसे पडले. हे ऐकलं की भाऊ झेरॉक्स मशीनचा ट्रे उघडून उगाच कागद सारखे करतात.

त्यांना हसणं सोपं आहे, आणि मीही हसतो. पण आमच्या तालुक्यात राहून पहिल्या दिवशी कशावर विश्वास ठेवायचा, हेही कुणी सांगावं. मध्य वैतरणा धरण आमच्याकडे कोचाळ्याला, पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. जूनमध्ये पाऊस लागला की वीज जाते, विजेमागोमाग रेंज. अशा ठिकाणी माणूस ‘आजपासून उपलब्ध’ असं वाचतो आणि मनातल्या मनात दोन वर्षं मिळवतो. भाऊ ती दोन वर्षं वहीत लिहून ठेवतात, एवढाच फरक.

आणि हेच भाऊ बोहाड्यात ओळखू येत नाहीत. फाल्गुनात जगदंबेच्या यात्रेला मोखाड्यात सोंगं निघतात : गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण. एका राक्षसाच्या सोंगाचा मान भाऊंच्या घराकडे आहे. मुखवटा आजोबांच्या वेळचा, कानाजवळ तडकलेला. त्यावर दरवर्षी कागद डकवतात, खळ लावतात, नवा रंग चढवतात. संबळ वाजायला लागला की भाऊ तो बांधून मशालीच्या उजेडात असे नाचतात की पुढची पोरं मागे सरकतात. तडकलेल्या जागेबद्दल त्यांनी कधी ‘थांबा’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, “गुरुजी, त्यात पैसे कुठं द्यायचेत?”

पैसे शेवटी दिले. सेल लागला होता, किंमत स्टँडवरच्या दोन मिसळींच्या आसपास आली होती, आणि मुख्य म्हणजे सातव्या भागाला नवा पॅच यायचं केव्हाच थांबलं होतं. भाऊंचा युक्तिवाद बिनतोड होता : “आता सुधारणार नाही, म्हणजे बिघडणारही नाही.” यूपीआयने पैसे गेले. एवढं डाउनलोड मोखाड्यात होणं अशक्य, म्हणून लॅपटॉप घेऊन ते एसटीने नाशकात बहिणीकडे गेले. गेम जिथून घेतला त्या स्टीम या ऑनलाइन दुकानाचा नियम त्यांनी आधीच वहीत उतरवून घेतला होता : घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांहून कमी झाला असेल तर पैसे परत मागता येतात. बहिणीच्या घरी घड्याळ समोर मांडून एक तास पन्नास मिनिटं खेळले. आणि रिफंड मागितला.

“बंद पडला का?” मी विचारलं.

“नाही ना. सगळं नीट चाललं.” भाऊंचा चेहरा गंभीर. “एकदाही अडकला नाही. मला संशय आला.”

वहिनी आतून म्हणाल्या, “मग पैसे आले का परत?”

“आले. वॉलेटमध्येच ठेवलेत.”

ते का ठेवलेत हे पुतण्याने सांगितलं. हीरोजचा नवा भाग, ‘ओल्डन एरा’, २०२४ मध्ये जाहीर झाला. २०२५ मध्ये येणार होता, तो पुढे २०२६ वर ढकलला. पोरं वैतागली. भाऊ मात्र खूश झाले. तारीख पुढे ढकलणारी कंपनी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाखाणली. “विचारी माणसं दिसतात,” म्हणाले, आणि लाल पेन घेऊन नव्या पानावर चार रकाने आखायला बसले. काउंटरवर जातीच्या दाखल्याचा फॉर्म घेऊन उभ्या असलेल्या आजोबांनी विचारलं, “भाऊ, आजच भरताय ना?”

“भरतो, बाबा. पण साइट नवी केलीये म्हणे. आठवडाभर थांबता का?”