कोंबडा, बैल आणि सायखेड्याचा पूर

ती. नाना व ती. आई यांस मिल्टन कीन्सहून सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपले चिरंजीव खुशाल आहेत. परवा ऑफिसात उशिरा पोचल्याचं कारण त्यांनी रंगवून सांगितलं, तर साहेब हसून म्हणाला, 'कॉक अँड बुल स्टोरी!' चिरंजीवांना वाटलं, साहेबाचंही शेत असावं. त्यांनी आपल्या गावच्या, सायखेड्याच्या गोठ्यातली जनावरं मोजून सांगितली.

नातवानं घरी उलगडा केला, की हा थापेला दिलेला आहेर आहे. शिवाय त्याचं माहेर म्हणे इथेच, स्टोनी स्ट्रॅटफर्डला. रविवारी सगळं कुटुंब बघायला गेलं. जुन्या रोमन रस्त्यावर 'द कॉक' आणि 'द बुल' या दोन सराया आजही उभ्या आहेत. घोडागाडीचे उतारू एकीतली बातमी दुसरीत नेत, वाटेत तिला शिंगं फुटत, म्हणून हे नाव, असं गावकरी छातीठोक सांगतात. पण रॉबर्ट बर्टनच्या १६२१ सालच्या ग्रंथात कोंबडा-बैल आधीच हजर आहेत, आणि घोडागाड्यांचा सुकाळ झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे थापेच्या जन्माची कथासुद्धा थापच! फ्रेंच लोक बोलताना विषय सोडून भरकटले, की 'कोंबड्यावरून गाढवावर उडी मारतात'. या वाक्प्रचाराचं मूळ तिकडचं असावं, असं काही जाणकारांचं मत.

गोष्टी रंगवण्याला इथे आणखीही नावं आहेत. 'स्पिन अ यार्न' म्हणजे सूत कातणं. दोरखंडांचं काम करता करता खलाशी गोष्टी लांबवत, त्यावरून म्हणे. आईंना हे वेगळं सांगायला नको, ओट्यावर चऱ्हाट लावणाऱ्या शेजारणी त्यांच्या रोजच्या आहेत. 'शॅगी डॉग स्टोरी' म्हणजे झिपऱ्या कुत्र्याची गोष्ट: तासभर ऐकायची नि शेवटी हाती काही नाही. कांद्याच्या भावावरची पुढाऱ्यांची भाषणं याच जातीची.

'टॉल स्टोरी', म्हणजे उंचच उंच थाप, मात्र कुणाला शिकवावी लागली नाही. १९६९ च्या गोदावरीच्या पुराचं पाणी नानांच्या फोनवर दर दिवाळीला वीतभर चढतं. गेल्या खेपेला ते देवळाच्या कळसाला टेकलं. २०१६ च्या पुराचे व्हिडिओ आहेत, म्हणून तेवढं पाणी जागच्या जागी आहे.

नातवाला शाळेत अशीच एक गोष्ट सांगायची आहे. तरी नानांनी १९६९ ची हकिगत फोनवर रेकॉर्ड करून पाठवावी, आणि पाणी नेमकं कुठवर आलं होतं, ते आईंनी वेगळं कळवावं.

कळावे, लोभ असावा.
आपली सूनबाई