जिभेच्या टोकावरचे नाव

एखाद्या वस्तूचा प्रकार सांगून ‘कोणते नाव आठवते?’ असे विचारले असता ग्राहकाच्या तोंडून जी नाममुद्रा सर्वप्रथम बाहेर पडते, तिला विपणनशास्त्रात ‘टॉप ऑफ माइंड’, म्हणजेच अग्रस्मरण लाभलेली नाममुद्रा, म्हणतात. उलट, यादी वाचून दाखविल्यावर ‘हो, हेही ऐकलंय’ अशी नुसती मान डोलावणे हे साहाय्यित स्मरण होय आणि त्याची पत आमंत्रणयादीत ऐनवेळी घुसविलेल्या दूरच्या नातेवाइकाइतकीच असते. म्हणून पहिल्या स्थानासाठी जाहिरातदार जिवाचे रान करतात. मात्र ते मिळाल्यावर काय होते, हे व्याकरणाला अधिक ठाऊक असते.

दुपारी झोपणाऱ्या शेजाऱ्याला ‘कुंभकर्ण’ म्हटले की विशेषनामाचे सामान्यनाम होते, हे शाळेत शिकविले जाते. तेच भाग्य 1937 साली भारतात कंपनी स्थापन झालेल्या कोलगेटच्या वाट्याला आले असून, वाण्याने ‘कोणतं कोलगेट देऊ?’ असे विचारल्यावर गिऱ्हाईक प्रतिस्पर्ध्याचे नाव सांगते आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. झेरॉक्स कंपनीने आपले नाव क्रियापदासारखे वापरू नये अशी जाहिरातींतून विनंती केली, तरी तहसील कचेरीबाहेरच्या टपरीवर, यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, निघते ती झेरॉक्सच, आणि अर्ज घेणारा कारकून तर झेरॉक्सचीही झेरॉक्स मागतो.

एसटी स्थानकावरील व्यवहार याहून बोधप्रद असतो. इटालियन आडनाव मिरवीत 1965 साली मुंबईत अवतरलेली बिसलेरी प्रवासी नाव घेऊन मागतो, दुकानदार ‘गार की साधी?’ एवढेच विचारतो आणि हाती येईल ती बाटली पुढे करतो. प्रवासीही तिच्यावरील नाव न वाचता झाकण फिरवतो. स्मरण शंभर टक्के, विक्री मात्र भलत्याची!

या शास्त्राची परमावधी डालड्याने गाठली. वनस्पती तूप संपले, तरी त्या डब्यात तांदूळ असोत वा पापड, तो ‘डालड्याचा डबा’च राहिला, पुढे तळाला भोके पाडून त्यात तुळस लावली गेली आणि ज्या नाममुद्रेला स्वयंपाकघरात साजूक तुपाची पंगत कधी लाभली नाही, तिला अंगणात रोज सायंकाळी दिवा आणि नमस्कार, दोन्ही मिळू लागले.