‘नेट’ मागतंय कोण?

“अगं ए, मालक गेले का तुझे दुकानावर? माझं नेट संपलंय. नातवाच्या जावळाचा फोटो आलाय, नि नुसतं गोल गोल फिरतंय!”

“थांबा मावशी, इथूनच रिचार्ज मारून देते. पण नेट म्हणजे रिकामटेकड्यांची चैन, असं तुम्हीच म्हणायचात ना?”

“म्हणायचे की. तेव्हा नातू कुठे होता?”

“सगळ्यांचं हेच. ‘मला इंटरनेट द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक आमच्या काउंटरला कधी आलेलंच नाही. ‘लेकीचा फोटो दिसेना’, ‘व्हॉट्सॲप चालू करून द्या’, हेच. कंपन्या मात्र जीपीआरएस, थ्रीजी, कसली कसली नावं विकत बसल्या. तो एमएमएस आठवतो? आधी सेटिंग मागवा, 1234 पिन टाकून सेव्ह करा, फोन बंद करून चालू करा. एवढं करून समोरच्याच्या फोनात सेटिंग नसलं की बोंबला.”

“आमच्या ह्यांनी पाठवला होता एकदा. पैसे कटले, फोटो काही पोचला नाही.”

“जपानात मात्र जमलं म्हणे. आमचा धाकटा टेलिकॉम शिकतोय ना, तो सांगत होता. 2000 च्या नोव्हेंबरात तिथल्या जे-फोन कंपनीनं शार्पचा कॅमेऱ्याचा फोन आणला. फोटो काढा, मेलला जोडा, पाठवा. सेटिंगबिटिंग काही नाही. पोरंपोरी तुटून पडली. डोकोमो एवढी बडी कंपनी, पण तशी सेवा काढायला तिला 2002 उजाडलं.”

“डोकोमो म्हणजे आपल्याकडचं ते टाटा डोकोमो?”

“त्यातली भागीदार होती, तीच. आपल्याकडे एका जीबीला दोन-अडीचशे पडायचे, तेव्हा आमच्या दुकानाची चंगळ होती हो. लोक मेमरी कार्ड आणून द्यायचे, आम्ही गाणी भरून द्यायचो. 2016 च्या उन्हाळ्यात तर ‘सैराट’, ‘सैराट’! कॉम्प्युटरला उसंत नव्हती.”

“चोरीचाच धंदा की तो.”

“चोरीचाच. म्हणून तर 5 सप्टेंबरला उतरला! जिओ आलं. आधारवर अंगठा टेकवला की सिम, नि नेट फुकट. आधी डिसेंबरपर्यंत, मग वाढवून मार्चपर्यंत. लोक म्हणतात, फुकट होतं म्हणून सगळे नेटला लागले. मला नाही पटत. फुकट काय, ग्रंथालयातला पेपरही असतो! आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. शिकलेल्यांनाही मराठी टाइप करायचा कंटाळा. पण फोटो बघायला, ‘आज्जी, कशी आहेस?’ ऐकायला शाळा लागते का? बाई पहिल्यांदा फोन हातात धरून बसल्या त्या भाचीच्या हळदीच्या व्हिडिओसाठी. मग कीर्तनं, मग मालिका. आता दीड जीबी संध्याकाळपर्यंत पुरत नाही.”

“आणि आम्हाला नावं ठेव तू.”

“अहो, पुढचं ऐका. 2017 साली तो दीड हजार डिपॉझिटचा जिओचा बटणांचा फोन आला ना, त्यात व्हॉट्सॲपच नव्हतं. सिम आहे, नेट आहे, आणि लोक विचारतायत, ‘मग ह्यात करायचं काय?’ पुढच्या सप्टेंबरात आणावंच लागलं त्यांना ते.”

“बरं झालं. माझं सुप्रभात सगळ्यांना पोचतं आता.”

“पोचतं हो, गुलाबासकट! तुमच्यासारख्यांच्या सुप्रभातनीच भारतातले फोन भरून अडतात, हे गुगलवाल्यांनी शोधून काढलंय. असली चित्रं झाडून काढायला ॲपसुद्धा आणलं त्यांनी.”

“काढू देत. मी परत पाठवीन. ते बघ, आला फोटो! अगदी आजोबांवर गेलाय, टकलासकट.”

“गोड आहे हो. मावशी, महिन्याचं मारलंय, पण कंपनीचा महिना 28 दिवसांचा असतो. म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. तीस दिवसांचा प्लॅन एक तरी ठेवा, असं फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायनं 2022 मध्ये सगळ्यांना बजावलंय, पण तो मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही. पुढच्या वेळी आमच्या ह्यांच्याकडूनसुद्धा मागूनच घ्या.”