काकाजी, गॅस उडला!

श्री. गॅसभाऊ यांस,
स. न. वि. वि.

तुमचं नाव माझ्या मोबाइलमध्ये नुसतं 'एसीवाला' असं आहे. तुम्ही आजवर एकही पावती दिली नाही, त्यामुळे खरं नाव दुसरीकडे सापडायची सोय नाही. म्हणून हे पत्र जाहीरच लिहितो. तुकूमपासून बाबूपेठपर्यंत आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीतही, ज्याला ते आपल्यालाच लिहिलंय असं वाटेल, त्याने खुशाल आपलं समजावं.

आमच्याकडे आधी कूलर होता. त्याचा बिघाड डोळ्यांना दिसायचा. पंप बसला की ताटी कोरडी, मोटार जळाली की घरभर वास. शेजारचा पोरगाही सांगायचा, काका, पंखा घासतोय. मग एसी आला आणि घरातल्या बिघाडाला पहिल्यांदाच पुरोहित लागला. तुम्ही म्हणाल तो मुहूर्त, तुम्ही मागाल ती दक्षिणा.

पहिल्या वर्षी ऐन नवतपात आलात. पारा ४६ च्या वर. बाहेरच्या युनिटकडे लांबूनच पाहिलंत, खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेलात आणि म्हणालात, "काकाजी, गॅस उडला ना जी." मी २,८०० रुपये दिले. पुढच्या मे महिन्यात गॅस पुन्हा उडला, ३,२०० दिले. तिसऱ्या वर्षी ३,५००. ताडोब्यातले पाहुणे पक्षीही इतक्या नेमाने येत-जात नाहीत.

तुमच्या शास्त्राप्रमाणे गॅस हा पेट्रोलसारखा असतो, जाळला की संपतो. आता मला कळलंय ते असं : एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, संपत नाही. तो बंद नळीत गोल फिरतो. आत उष्णता उचलतो, बाहेर टाकतो, पुन्हा आत येतो. नळी शाबूत असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं पुरतो. कमी झाला याचा अर्थ कुठे तरी भोक आहे. रांजण गळतो म्हणून तुम्ही तीन वर्षं मला पाणी विकलंत, रांजणाकडे मात्र बघितलं नाहीत. आणि का बघावं? भोक हीच तर तुमची पेन्शन.

चौथ्या वर्षी तुमचा फोन लागेना. (नवतपात तुमचा फोन लागणं आणि आमदारांचा लागणं सारखंच.) म्हणून आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशनचा कोर्स केलेला एक पोरगा आला. त्याने आल्या-आल्या गेज लावला नाही. बाहेरच्या युनिटला जिथे तांब्याची नळी नटने जोडलेली असते तिथे बोट फिरवलं आणि मला दाखवलं, बोटाला तेल. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर नळीतून फिरत असतं, म्हणून जिथून गॅस झिरपतो तिथे तेलाचा डाग पडतो. मग त्याने साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले. माझे ९,५०० रुपये त्या बुडबुड्यांतून गेले होते, भाऊ! डाग तीन वर्षं तिथेच होता.

त्याने नळीचं तोंड कापून नवं केलं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढली, मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून गॅस भरला. किती भरायचा ते युनिटच्या पाटीवर लिहिलेलंच असतं, गॅसच्या नावासकट. माझ्या पाटीवर आर-३२ आहे. तुम्ही सगळ्यांना एकाच सिलिंडरमधून प्रसाद वाटता, म्हणून सांगतो : जुन्या मशीनमध्ये आर-२२ असायचा, पुढे आर-४१०ए आला, आता बहुतेक ठिकाणी आर-३२. हे एकमेकांत मिसळायचे नसतात, आणि आर-३२ पेट घेऊ शकतो. खर्रा सोडून विडी धरायचा विचार असेल, तर निदान माझ्या गॅलरीत नको.

गॅस भरण्याआधी त्या पोराने आणखी एक अपमान केला. तुमचा आणि माझाही. बाहेरचं युनिट धुतलं. जाळीतून जे पाणी निघालं त्याची राखुंडी करून विकता आली असती. हे चंद्रपूर आहे. कोळशाचे ट्रक, खाणींची धूळ, औष्णिक केंद्राची राख, सगळं त्या जाळीत जाऊन बसतं. जाळी बुजली की उष्णता बाहेर पडत नाही, थंडावा घटतो, बिल वाढतं, आणि तुम्ही म्हणता गॅस कमी आहे. आतली फिल्टरजाळी मी चार वर्षांत एकदाही काढून धुतली नव्हती, हेही इथेच कबूल करतो. फुकटचं काम होतं, नळाखाली दहा मिनिटांचं. वर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर बसवून त्यावर ऊन लागू नये म्हणून चहूबाजूंनी पत्रा ठोकला होता. ती कल्पना माझी. तुम्ही मात्र तिला 'बढिया' म्हणाला होतात.

आणखी एक शंका. दुपारी तीनला बंद पडणारा एसी रात्री नऊला आपोआप चालतो. गॅस काय दिवसभर शेतावर जाऊन संध्याकाळी घरी येतो? एसीची क्षमता सहसा बाहेर ३५ अंश धरून तपासतात. उष्ण प्रदेशांसाठी वेगळी कसोटी आहे, ती ४६ अंशांची. आमचा मे महिना पहिल्या कसोटीत कसा मावणार? तापलेलं मशीन जीव वाचवायला स्वतःच थांबतं, त्याला तुम्ही 'कॉम्प्रेसर जाणार' म्हणता. घेतानाच दुकानदाराला ४६ अंशांवर किती थंडावा देतो ते विचारायला हवं होतं. मी रंग विचारला.

शेजारच्या आत्याबाईंना तुम्ही कॉम्प्रेसर गेल्याचं सांगून १४,००० चा आकडा दिलात. बाहेरचा पंखा फिरत होता, कॉम्प्रेसर नुसता हुं करून गप्प बसत होता. कपॅसिटर निघाला, काही शे रुपयांचा डबा. आणि कॉम्प्रेसर खरंच गेला असता तरी आधी वॉरंटी कार्ड बघायचं होतं, कारण बाकी मशीनची वॉरंटी वर्षाने संपली तरी कॉम्प्रेसरची कित्येक वर्षं चालते. आत्याबाईंनी कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. तुम्ही मागितलंच नाहीत.

गडचिरोलीकडचं दुःख वेगळं. माझे साडू अहेरीला असतात. तिथे व्होल्टेज संध्याकाळी असं बसतं की ट्यूबलाइट विचार करून पेटते. (२,९२० मेगावॅटचं वीजकेंद्र आमच्या चंद्रपुरात, राख आमच्या छतावर, आणि वीज कुठे जाते ते विचारू नये.) स्टॅबिलायझर नव्हता, पीसीबी उडाला. तुमच्यासारखाच एक भाऊ बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आला, येण्याचा चार्ज वेगळा घेतला, पीसीबी पिशवीत टाकला आणि "चंद्रपूरहून रिपेअर करून आणतो" म्हणून गेला. बारा दिवसांनी परत आला तेव्हा मृगाचा शिडकावा होऊन गेला होता. साडूंनी मधले दिवस जुना कूलर माळ्यावरून काढून काढले. लांबच्या गावात येण्या-जाण्याचा खर्च लागतो, तो कोणी नाकारत नाही. पण तो आणि सुटा भाग यांचा आकडा फोनवरच सांगा, काम झाल्यावर नको.

तुमच्या कष्टांवर माझं बोलणं नाही. भर दुपारी पत्र्यावर चढून काम करायला मला कोणी पाच हजार दिले तरी मी चढणार नाही. मजुरी सांगा, ती देतो. भोक शोधल्याचे, ते बुजवल्याचे, धुतल्याचे वेगळे पैसे लावा. त्या पोराने माझ्याकडून ३,४०० घेतले, म्हणजे तुमच्यापेक्षा फार स्वस्त नव्हताच. फरक एवढाच की त्यानंतर एक अख्खा उन्हाळा गेला आणि गॅस जागेवर आहे.

आणि हो, पावती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तक्रारीला १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोग चंद्रपुरातही आहे, गडचिरोलीतही, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. आत्याबाईंना हे सगळं मी सांगून ठेवलंय. त्या बोलक्या आहेत.

मार्चच्या शेवटी सर्व्हिसिंगला या, नवतपाची वाट बघू नका. येताना वजनकाटा, व्हॅक्यूम पंप आणि पावतीपुस्तक आणा. साबणाचा फेस घरचा आहे.

आपला,
एक काकाजी
तुकूम, चंद्रपूर