तिसऱ्या गाण्यात पडतो

नवा अल्बम घरात आला की चोवीस तासांच्या आत त्याचं पोस्टमॉर्टेम करणारे गृहस्थ तुमच्याही ओळखीचे असतील. जॅझ, गझल, रॉक, ख्याल, कव्वाली, त्यांना काही वर्ज्य नाही; वर्ज्य आहे ते फक्त दुसऱ्यांदा ऐकणं. प्लॅस्टिकचं आवरण अंगठ्याच्या नखाने कडेकडेने चिरायचं, कव्हरात नाक खुपसून दीर्घ श्वास घ्यायचा, तबकडी फक्त कडांना धरून बाहेर काढायची, मखमली ब्रश फिरवायचा आणि सुई टेकून नुसती खरखर येत असतानाच म्हणायचं, "सुरुवात चांगली आहे." पुढचा निकालही ठरलेला: "पण तिसऱ्या गाण्यात पडतो." नाटक दुसऱ्या अंकात पडतं म्हणणाऱ्या प्रेक्षकांच्याच घराण्यातले हे, यांनी फक्त एक अंक वाढवून घेतला आहे.

हा निकाल पुराव्यावर घासून पाहण्यासारखा आहे. बीटल्सच्या 'ॲबी रोड'वर (1969) तिसरं गाणं 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर'. ते खुद्द जॉन लेननलाही आवडत नसे, तेव्हा इथे यांचा दगड बरोबर लागला. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वर (1959) तिसरी रचना 'ब्लू इन ग्रीन'. ती पडते असं म्हणायला छाती लागते आणि ती यांच्याकडे आहे. पंचाईत होते ती 'शक्ती'च्या 1976 सालच्या पहिल्या अल्बमपाशी. जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन, विक्कू विनायकराम अशी मंडळी आणि रचना तीनच. त्यातल्या तिसरीने एलपीची अख्खी दुसरी बाजू व्यापलेली, जवळजवळ अर्धा तास. म्हणजे पडला तर निम्मा अल्बमच पडला! ख्यालाच्या एलपीवर तर अनेकदा एका बाजूला एकच राग. तिथे तिसरं गाणं सापडणार कुठून? यावरही उत्तर तयार असतं: "म्हणून तर ती पडत नाही."

पहिल्याच ऐकण्यात मत देणं हा आगाऊपणा, असं यावर कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ध्वनिमुद्रण येण्याआधी मैफल एकदाच ऐकायला मिळे आणि जाणकारांची दाद पहिल्या समेलाच जाई. पुढे 78 च्या तबकडीने गवयाला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं दिली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी तेवढ्यात श्रोत्याला जिंकून दाखवलं. बरं, वारंवार ऐकल्याने कान शहाणा होतोच असंही नाही. 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू ध्वनिमुद्रणयंत्राच्या वेगातल्या दोषामुळे मूळ वादनापेक्षा किंचित चढी छापली गेली होती. दुरुस्त आवृत्ती 1992 मध्ये निघाली. तोवर तीसहून अधिक वर्षं भले भले रसिक ती चढी बाजू शंभरदा ऐकून माना डोलवत होते. तेव्हा दोष घाईचा नाही. दोष आहे एकच मापटं घेऊन सगळ्या दुकानांत हिंडण्याचा. गाण्यागणिक पुढे सरकणाऱ्या पॉपला लावायची फूटपट्टी विलंबित एकतालाला लावली, तर आलाप म्हणजे लांबलेली प्रस्तावनाच वाटणार.

एवढं झाल्यावर, जरा नाइलाजानेच, त्यांची बाजू घ्यावी लागते. फोनवर गाण्याची पहिली ओळ संपायच्या आत अंगठा पुढच्या गाण्याकडे नेणारे आपण, आणि हे गृहस्थ पदरचे पैसे मोजून, तिसऱ्या गाण्यात पडणार याची पक्की खात्री असतानाही सुई उचलत नाहीत. बाजू उलटतात, शेवटची खरखर येईपर्यंत बसून राहतात. अल्बम हा एक सलग ऐकायचा ऐवज आहे, ही समजूत अशाच लोकांनी टिकवली आहे. असला निकाल पूर्वी रेकॉर्डच्या दुकानाच्या काउंटरवर दिला जाई आणि शेजारचं गिऱ्हाईक तिथल्या तिथे तो खोडून काढी. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं, पुण्यातलं अलूरकरही राहिलं नाही. मत अजून शिल्लक आहे. खोडणारं माणूस नाही. हे गृहस्थ ओळखीच्यांना फोन करून करून आपलं मत ऐकवतात, त्यामागे निम्मं कारण हेच असावं. तेव्हा अशा गृहस्थांनी रेकॉर्ड ऐकायला बोलावलं तर जा. तिसऱ्या गाण्यावर कडकडून भांडा आणि निघण्याआधी तीच एलपी त्यांना पुन्हा लावायला लावा.